विहिरीचं पाणी कुठाय?

डॉक्टर साक्षीला आले की झाशीच्या सेशन कोर्टात आधी खुर्ची शोधली जाते. पोलीस उभा राहून साक्ष देतो, गावकरी उभा राहून देतो, मेलेल्या बाईचा बापही कठड्याला धरून उभाच असतो. डॉक्टरांसाठी मात्र पेशकार शेजारच्या दालनातून एखादी मोडक्या हाताची खुर्ची मागवतो. त्या दिवशीही ती आली. डॉक्टरांनी चष्मा लावला, फाइल उघडली आणि पहिल्याच प्रश्नाला सांगून टाकलं, मृतदेह आठवत नाही. तीन वर्षं उलटली होती. मधल्या काळात आणखी किती मृतदेह टेबलावर आले, याचा हिशेब त्यांच्यापाशी नव्हता. कागद बघून सांगता येईल तेवढं सांगतो, म्हणाले. कायद्याला ते चालतं. साक्षीदारानं स्वतः लिहिलेलं टिपण बघून आठवण ताजी करावी, ही सोय 1872च्या पुरावा कायद्यात 159व्या कलमानं करून ठेवलेली होती.

मागच्या बाकावर बसलेल्या वार्ताहर मुलीला हे ऐकून धक्काच बसला. ज्याच्या एका वाक्यावर दोन माणसांची जन्मठेप टांगली आहे, त्याला ती बाई आठवतच नाही!

मुलगी झाशीचीच. अठराव्या शतकात नारो शंकरांच्या मागोमाग इकडे आलेल्या मराठी घरांपैकी एका घरातली. गंगाधरराव आणि मनकर्णिकेचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं, तिथल्या गणेशोत्सवात तिनं लहानपणी परकर नेसून नाच केला होता. घरात मराठी, दैनिकाची नोकरी हिंदी, आणि कोर्टातले वैद्यकीय कागद इंग्रजीत. या तीन भाषांच्या फटींतून बातमी काढायची, हेच तिचं रोजचं काम. बार रूममध्ये एक म्हातारे मराठी वकील बसत. प्रॅक्टिस जवळपास थांबलेली, गप्पा मात्र जोरात. ती त्यांना काका म्हणे. तिच्या कानावर पडणारा प्रत्येक हिंदी शब्द काका मराठीत करून देत. जिरह म्हणजे आपली उलटतपासणी. पक्षद्रोही म्हणजे फितूर. 'फितूर' या शब्दावर ते विशेष खूश असत. ‘बघ, पक्षद्रोही म्हटलं की नुसता शेरा वाटतो. फितूर म्हटलं की किल्ल्याचा दरवाजा आतून उघडलेला दिसतो.’ झाशीत बसून हे वाक्य बोलायचं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

महाराष्ट्रात ज्याला मरणोत्तर पंचनामा म्हणतात, त्याला उत्तर प्रदेशात पंचायतनामा म्हणतात. पाच जणांनी मृतदेहाभोवती उभं राहून सह्या करायच्या. या खटल्याची सुरुवात अशाच एका पंचायतनाम्यापासून झाली होती.

बाईचं नाव, गाव, साल इथे सांगत नाही; त्या घरात मुलं अजून लहान आहेत. जून महिना होता. झाशीत पारा 45 अंशांवर जातो ते दिवस. शेतातल्या पक्क्या बांधणीच्या विहिरीत दोन रात्रींनंतर ती सापडली. माहेरचे म्हणाले ढकललं. सासरचे म्हणाले पाणी काढताना पाय घसरला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊच्या आकड्यानं खटल्याचं सगळं रूप ठरवलं. लग्नाला सात वर्षं पुरी व्हायच्या आत मृत्यू झाला असता, तर हुंडाबळीचं 304-ब कलम लागू शकलं असतं. त्या कलमाखाली हुंड्यासाठी केलेला छळ सिद्ध झाला की ती पडली, तिनं उडी मारली की तिला ढकललं, याला फारसं महत्त्व उरत नाही. कायदाच आरोपीविरुद्ध गृहीत धरतो. नऊ वर्षांनंतर ती वाट बंद. आता खून म्हणायचा, तर खून सिद्ध करायला हवा. पाहणारा कोणी नाही. सगळा भार येऊन पडला तो शवविच्छेदनाच्या दोन पानांवर आणि मोडक्या हाताच्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर.

तीन वर्षांपूर्वी या प्रकरणाची पहिली बातमीही तिनंच दिली होती. ‘पीएम रिपोर्ट में डूबने से मौत की पुष्टि.’ मथळा तिचाच. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दोन फोन आले. सासरकडच्या कुणीतरी आभार मानले. माहेरकडच्या कुणीतरी विचारलं, तुम्हाला किती पैसे मिळाले? ती दोन्ही फोनांनी गोंधळली. अहवालात जे होतं तेच तर तिनं लिहिलं होतं! मग माहेरचे का चिडले आणि सासरचे का खूश झाले, हे कळायला तिला डॉक्टरांची साक्ष ऐकावी लागली.

साक्ष सुरू झाली. सरकारी वकील विचारत होते, डॉक्टर हिंदी-इंग्रजी मिसळून सांगत होते, न्यायाधीश त्याचं शुद्ध हिंदी करून टंकलेखकाला देत होते. ‘अँटिमॉर्टम ड्राउनिंग’ असं डॉक्टर म्हणाले. कागदावर उतरलं, ‘मृत्यु पूर्व डूबना’. काकांनी तिच्या कानात पुटपुटून घेतलं, ‘मरणाआधी बुडाली म्हणे. मेल्यावर बुडण्यात काय मजा!’ विनोद जरा वाईटच होता, पण सगळा खटला त्या विनोदातच होता. माणूस जिवंतपणी पाण्यात गेला, की मेल्यावर त्याला पाण्यात टाकलं? डॉक्टरला द्यायचं असतं ते या प्रश्नाचं उत्तर.

ते उत्तर पाठ्यपुस्तकात सोपं दिसतं. तिनं नंतर मोदींचं जाड पुस्तक मिळवून वाचलं. जयसिंग मोदी हे आग्रा आणि लखनौच्या वैद्यकीय शाळांत शिकवणारे डॉक्टर. त्यांच्या न्यायवैद्यक ग्रंथाची पहिली आवृत्ती 1920 साली निघाली आणि आजही भारतातल्या कोर्टांत त्याची पानं उघडून उलटतपासणी होते. म्हणजे या विषयाची बरीचशी ओळख देशाला याच मुलखानं करून दिली. बुडून मेलेल्याच्या नाकातोंडाशी पांढरा, बारीक बुडबुड्यांचा चिवट फेस येतो. पुसला तरी छाती दाबल्यावर पुन्हा येतो. फुप्फुसं फुगतात, त्यांवर बोट दाबलं तर खळगा राहतो. तळहात-तळपाय धोबिणीच्या हातांसारखे सुरकुततात. हे मात्र मेल्यावर पाण्यात टाकलेल्याचेही होतात, म्हणून त्यावरून फक्त शरीर पाण्यात होतं एवढंच कळतं. कधीकधी मुठीत गवत, शेवाळ, चिखल घट्ट धरलेला असतो. हे सगळ्यात बोलकं लक्षण, कारण शेवटच्या क्षणी हात जिवंत होता हे ती मूठ सांगते. मूठ नेहमी मिळत नाही.

आणि जूनमध्ये दोन रात्री पाण्यात राहिलेल्या शरीरात यातलं फारसं काही उरत नाही. फेस जातो, कातडी सुटते, चेहरा ओळखू येत नाही. डॉक्टरांनी ते साधेपणानं सांगितलं. जे उरलं होतं तेही सांगितलं. श्वासनलिकेत आणि तिच्या बारीक फांद्यांपर्यंत गाळ होता. पोटात गढूळ पाणी होतं. गळ्यातलं हायॉइड हाड शाबूत, गळ्याच्या स्नायूंत रक्त साकळलेलं नाही. कपाळावर एक जखम, डाव्या कोपरावर एक, दोन्ही मृत्यूपूर्वीच्या. मृत्यूचं कारण, पाण्यात बुडाल्यानं गुदमरणं.

बापानं कठड्यावरचा हात काढून घेतला. त्याला वाटलं, केस गेली.

इथे तिला स्वतःचा मथळा आठवला. ‘बुडून मृत्यू’ हे वाचून आपण सगळे मनातल्या मनात त्याच्याआधी ‘अपघातानं’ जोडून टाकतो. डॉक्टरनं ते जोडलेलं नसतं. बुडणं हे मृत्यूचं कारण. अपघात, आत्महत्या की खून हा त्याचा प्रकार. पहिलं शरीरात दिसतं. दुसरं बहुतेक वेळा शरीराबाहेर, विहिरीच्या कठड्यावर, घरातल्या भांडणात, कुणाच्या खिशात असतं. फेब्रुवारी 2018मध्ये श्रीदेवी दुबईच्या हॉटेलात बाथटबमध्ये गेली आणि तिथल्या अहवालात ‘अपघाती बुडणे’ असे शब्द आले, तेव्हा झाशीच्या पानाच्या टपऱ्यांपासून पुण्याच्या कट्ट्यांपर्यंत जो तो न्यायवैद्यक तज्ज्ञ झाला होता. टबात कोण बुडतं, इथून प्रश्न सुरू व्हायचा. त्या गदारोळात ‘बुडणे’ आणि ‘अपघाती’ हे दोन शब्द वेगवेगळ्या पुराव्यांवर उभे असतात, एवढी साधी गोष्ट क्वचितच कुणी बोललं.

हाच घोटाळा किती महाग पडतो, याचं तिच्या डोक्यात कायम बसलेलं उदाहरण गोव्याचं. हणजूणच्या किनाऱ्यावर 18 फेब्रुवारी 2008च्या सकाळी 15 वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी सुरुवातीला तो बुडून झालेला अपघाती मृत्यू मानला. मुलीच्या आईनं ते मानलं नाही. तिनं गोव्यात ठाण मांडलं, वर्तमानपत्रांना गाठलं, दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी लावून धरली. मार्चमध्ये ते झालं, अंगावरच्या पन्नासच्या आसपास जखमांची चर्चा जगभर झाली, खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. आता यात पाणी कुठे बदललं? कुठेच नाही. मुलगी बुडाली होती हे पहिल्या दिवशीही खरं होतं आणि नंतरही. पण शुद्ध हरपलेलं माणूस घोटाभर पाण्यातही बुडतं, आणि मग प्रश्न उरतो तो त्याला त्या अवस्थेत, त्या जागी कुणी नेलं किंवा सोडलं याचा. फुप्फुसात मीठ-वाळू शोधणारा डॉक्टर इथवरच येऊ शकतो. पुढचं सांगायला माणूस लागतो. आणि नेमका महत्त्वाचा मानला गेलेला परदेशी साक्षीदार साक्षीला आलाच नाही.

गोव्याच्या बाल न्यायालयानं 23 सप्टेंबर 2016 रोजी दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं. आठ वर्षं त्या आईनं विमानाच्या फेऱ्या मारल्या होत्या. मग 17 जुलै 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्यातल्या एकाची सुटका रद्द केली. खून नव्हे, सदोष मनुष्यवध आणि इतर गुन्हे, 10 वर्षांची सक्तमजुरी. दुसऱ्याची सुटका कायम राहिली. तेच शरीर, त्याच जखमा, तेच डॉक्टर. दोन न्यायालयांनी त्यांच्याभोवतीची परिस्थिती वेगवेगळी वाचली. ही बातमी वाचली त्या दिवशी ती काकांकडे गेली होती. काका म्हणाले, ‘अगं, डॉक्टर म्हणजे भिंतीतला खिळा. त्यावर कोट टांगायचा की नाही, टांगला तर कुणाचा, ते कोर्ट ठरवतं. पण खिळाच ढिला असला तर कोट खाली येणारच.’

मग त्यांनी आपली आवडती केस काढली. ती बुडण्याची नाही, तरी काका ती काढतातच. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे. नोव्हेंबर 1956मध्ये डॉक्टर अनंत चिंतामण लागू त्यांना रात्रीच्या गाडीनं मुंबईला घेऊन निघाला. सकाळी त्या बेशुद्धावस्थेत जी. टी. हॉस्पिटलात दाखल झाल्या आणि काही तासांत गेल्या. मृतदेह बेवारस ठरून वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला. पुढे शवविच्छेदन झालं, व्हिसेरा तपासला, विष सापडलं नाही. म्हणजे वैद्यकीय पुराव्याची पाटी जवळपास कोरी. तरीही पैशांसाठी त्यानं रचलेला बनाव, खोटी पत्रं, खोटी नावं या सगळ्यावरून फाशी झाली आणि डिसेंबर 1959मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बहुमतानं कायम केली. ‘डॉक्टरला काही सापडलं नाही आणि फास लागला. आणि तुमच्या विहिरीत डॉक्टरला सगळं सापडलंय, तर बघ काय होतं ते.’

काय होतं ते जेवणाच्या सुट्टीनंतर दिसलं. बचावाचे वकील उठले. बुटके, मृदू आवाजाचे, उलटतपासणीत कधीही न ओरडणारे.

‘डॉक्टर साहब, माथे की यह चोट कुएँ की पक्की दीवार से टकराकर आ सकती है?’

‘आ सकती है.’

सरकारी वकिलांनी फेरतपासात विचारलं, ‘और किसी के मारने से?’

‘आ सकती है.’

दोन्ही बाजूंनी समाधानानं मान डोलावली. तिनं वहीत दोनदा ‘आ सकती है’ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. न्यायवैद्यकात या शब्दांइतके प्रामाणिक आणि इतके बदनाम शब्द दुसरे नसतील. टीव्हीवरच्या मालिकेतला डॉक्टर जखम बघून मारेकऱ्याची उंची सांगतो. खरा डॉक्टर ‘होऊ शकतं’ म्हणतो. बातमीदाराला ते आवडत नाही, उपसंपादकाला तर मुळीच नाही. मथळ्यात ‘होऊ शकतं’ बसत नाही. तिचा साहेब फोनवर विचारत होता, ‘डॉक्टर ने मर्डर बोला कि नहीं बोला?’

मर्डर म्हणणारे डॉक्टर इतिहासात झाले नाहीत असं नाही. लंडनच्या बर्नार्ड स्पिल्सबरींचं नाव त्यासाठीच गाजलं. जॉर्ज जोसेफ स्मिथ या माणसाच्या तीन बायका 1912 ते 1914च्या दरम्यान तीन वेगवेगळ्या गावांत न्हाणीच्या टबात बुडून मेल्या. अंगावर झटापटीच्या खुणा जवळपास नाहीत. पोलिसांनी एका पोहणाऱ्या बाईला टबात बसवून तिचे पाय अचानक ओढून पाहिले. नाकातोंडात पाणी शिरून ती बेशुद्ध पडली आणि तिला शुद्धीवर आणताना पोलिसांच्याच तोंडचं पाणी पळालं. 1915मध्ये स्मिथ फासावर गेला. ही गोष्ट डॉक्टरांच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. तिला ती नीट वाचल्यावर वेगळीच वाटली. एकाच बाईचं प्रेत समोर असतं, तर स्पिल्सबरींनाही ‘होऊ शकतं’च्या पुढे फारसं जाता आलं नसतं. स्मिथला अडकवलं ते तीन टबांनी, तीन इच्छापत्रांनी आणि विम्यांनी.

इथे विहीर एकच होती.

बचावाच्या वकिलांनी खरा प्रश्न शेवटी ठेवला होता. डॉक्टरांनी मांडीच्या हाडाचा तुकडा डायटम चाचणीसाठी काढून ठेवला होता, तशी नोंद होती. डायटम म्हणजे पाण्यातली अतिसूक्ष्म शैवालं, काचेसारख्या सिलिकाच्या कवचाची. बुडणारा माणूस पाणी आत ओढतो, फुप्फुसाच्या बारीक भिंती फाटतात, डायटम रक्तात शिरतात, आणि हृदय चालू असेल तर ते त्यांना हाडाच्या मगजापर्यंत नेऊन पोचवतं. मेलेल्याचं हृदय चालत नाही. त्याच्या फुप्फुसात पाणी शिरेल, पण डायटम मगजात पोचण्याचं कारण नाही. हाड तीव्र नायट्रिक आम्लात विरघळवलं की सगळं जातं, कवचं राहतात. कल्पना इतकी देखणी आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आता खोटं बोलायला जागाच नाही. जागा आहे. काही पाण्यांत, विशेषतः विहिरींत, डायटम फार कमी असतात. पिण्याच्या पाण्यातून, अन्नातूनही ते अंगात जातात असं म्हणणारे अभ्यासक आहेत. प्रयोगशाळेतल्या न विसळलेल्या काचेतूनही ते येतात. म्हणून हाडात सापडलेले डायटम त्या विशिष्ट पाण्यातलेच आहेत का, हे ताडून बघावं लागतं, आणि त्यासाठी ते पाणी लागतं.

‘डॉक्टर साहब, हड्डी के साथ कुएँ का पानी भेजा गया था?’

डॉक्टरांनी फाइल चाळली. पाणी गोळा करणं हे त्यांचं काम नव्हतं, पोलिसांचं होतं, असं ते म्हणाले. बरोबरच होतं. सरकारी वकिलांनी पैरोकार शिपायाकडे पाहिलं, त्यानं केस डायरी उघडली. पंचायतनाम्यात साडी होती, बांगड्यांचे तुकडे होते, एक चप्पल होती. पाणी नव्हतं.

‘तो कुएँ का पानी कहाँ है?’ वकिलांनी अगदी हळू, जणू स्वतःलाच विचारलं. न्यायाधीशांनी तो प्रश्न नोंदवायला सांगितला नाही. बापानं मात्र ऐकला. त्यानं शेजारच्या शिपायाला विचारलं, पानी तो अब भी वहीं है, मैं ले आऊँ?

कुणी उत्तर दिलं नाही. विहीर मधल्या उन्हाळ्यांत दोनदा उपसली गेली होती, हे तिला नंतर गावात कळलं. काका पुढे म्हणाले तेही खरं, की पाणी असतं तरी फार तर एवढंच ठरलं असतं की ती त्या विहिरीत जिवंत बुडाली, आणि ते डॉक्टरांनी गाळावरून सांगितलंच होतं. ढकललं की घसरली, हे डायटमलाही ठाऊक नसतं. पण कोर्टात एक बाटली नसली की बाकीच्या बाटल्यांवरचाही विश्वास उडतो.

साक्ष संपली. टंकलेखकानं पानं काढली, डॉक्टरांनी प्रत्येक पानाच्या तळाशी सही केली. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, ‘सुनकर तस्दीक किया’. जाताना ते तिच्याजवळ थांबले. मागची एक बातमी त्यांनी वाचली होती. ‘आप लोग पुष्टि बहुत लिखते हैं,’ म्हणाले. रागावून नाही, थकल्यासारखे. मग दुसऱ्या मजल्यावरच्या कोर्टात दुसऱ्या तारखेसाठी निघून गेले. त्या दिवशी तिनं बातमी लिहिली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले याच्याआधी ते काय म्हणाले नाहीत हे लिहिलं. उपसंपादकानं पहिले दोन परिच्छेद कापले.

निकाल आठ महिन्यांनी लागला. संशयाचा फायदा देऊन दोघांची सुटका. निकालपत्र लांबलचक होतं. त्यात डॉक्टरांच्या साक्षीला दीड पान आणि विहिरीच्या पाण्याला एक वाक्य. बाप त्या दिवशी आला नव्हता.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात बेतवेच्या काठावर एक मृतदेह लागला आणि ती फोटोग्राफरबरोबर तिथे पोचली. भारतात दरवर्षी 35 हजारांच्या वर माणसं बुडून मरतात. त्यातला हा एक, नाव-गाव अजून न कळलेला. दरोगा गुडघ्यावर फळी ठेवून पंचायतनामा लिहीत होता. पाच माणसं सह्यांसाठी उभी होती. तिनं विचारलं, ‘दरोगाजी, नदी का पानी लिया?’

त्यानं वर पाहिलं. पोरगी प्रेसची आहे हे ओळखलं, क्षणभर विचार केला, मग शिपायाला हाक मारली. शिपाई जीपमधून एक प्लास्टिकची बाटली घेऊन आला आणि पाण्यात उतरून ती भरू लागला. कोल्ड्रिंकची बाटली होती ती. तळाशी बोटभर काळं पेय अजून होतं.